चकवा

झाडीपट्टीतल्या जुन्या माणसांना चकवा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. अर्जुनी मोरगाव, देवरी, सालेकसा या भागांतल्या रानवाटांवरून ज्यांनी रात्री-अपरात्री बैलगाडी हाकली, मोहफुले वेचायला जे पहाटेच्या अंधारात घरून निघाले, त्यांनी हा शब्द लहानपणीच ऐकलेला असतो. माणूस ओळखीच्या वाटेने चाललेला असतो. मध्येच वाट हरवते. तो चालत राहतो, घाम गाळतो, आणि तासाभराने पाहतो तर पुन्हा त्याच झाडापाशी उभा. कोणी याला भुताटकी म्हणतात, कोणी जिन्नात. कारण काहीही सांगोत, उपाय मात्र जाणती माणसे एकच सांगतात. चकवा लागला की चालू नये. आहे तिथेच बसावे आणि उजाडायची वाट पाहावी.

२००९ साली जर्मनीतल्या ट्युबिंगन येथील संशोधकांनी या गोष्टीची परीक्षा घेतली. त्यांनी काही माणसांना एका सपाट, दाट जंगलात आणि काहींना सहारा वाळवंटात नेऊन सरळ रेषेत चालायला सांगितले. आकाशात सूर्य दिसत होता तोवर माणसे बऱ्यापैकी सरळ चालली. आभाळ भरून आले त्या दिवशी जंगलातली माणसे गोल फिरू लागली. आपलीच वाट आपण पुन्हा ओलांडतो आहोत हे त्यांच्या लक्षातही आले नाही. आपण सरळच चाललो आहोत, असे त्यांना वाटत होते. म्हणजे पाय चुकत नाहीत, डोळेही मिटलेले नसतात. बाहेरची एखादी स्थिर खूण नसली की माणूस आपल्याच भोवती फिरत राहतो, एवढेच.

मनाला लागणारा चकवा याहून वेगळा नाही. रात्रीचे दीड वाजलेले असतात. घर झोपलेले असते. जागा असलेल्या माणसाच्या डोक्यात एकच विचार फिरत असतो. मुलाने इतके शिक्षण घेतले, त्याला नोकरी लागेल का? वाटणीच्या दिवशी भाऊ सगळ्यांदेखत जे बोलला, ते त्याच्या मनात आधीपासूनच होते का? लेकीचा सासरहून चार दिवस फोन नाही. नागपुरात खोली बघायला गेलो तेव्हा नाव सांगेपर्यंत घरमालक हसून बोलत होता. टीव्हीवर संध्याकाळभर आपल्याविषयी चर्चा चालली, तिच्यात आपल्यासारखा एकही माणूस नव्हता. यातला कोणताही विचार खोटा नाही. पण दीड वाजता तो जिथून निघाला, तिथेच तीन वाजता परत येतो. मधल्या दीड तासात ना मुलाला नोकरी लागलेली असते, ना भावाशी बोलणे झालेले असते. फजरच्या अजानपर्यंत माणूस नुसता दमलेला असतो.

आपल्या घरांत यासाठी एक शब्द आहे, वसवसा. कुराणाची शेवटची सूरत आपल्यापैकी बहुतेकांना बालपणापासून पाठ असते. मनात कुजबुजणाऱ्याच्या उपद्रवापासून आश्रय मागणारी ती सूरत आहे, आणि ही कुजबूज करणारे जिन्नांतही असतात, माणसांतही असतात, असे ती सांगते. हदीसच्या ग्रंथांत एक प्रसंग नोंदलेला आहे. काही सहाबी पैगंबरांकडे (स.) आले आणि म्हणाले की, आमच्या मनात असे विचार येतात की ते तोंडाने बोलण्याचीही आम्हाला छाती होत नाही. पैगंबरांनी (स.) त्यांना दोष दिला नाही. त्या विचारांचा त्रास वाटणे हीच ईमानाची खूण असल्याचे त्यांनी सांगितले. दुसऱ्या एका हदीसनुसार मनात येऊन गेलेल्या गोष्टी, त्या बोलल्या किंवा केल्या जात नाहीत तोवर, उम्मतीला माफ आहेत.

इमाम गज्जालींनी हाच धागा पुढे नेला. विचार कृतीपर्यंत कसा पोचतो याच्या पायऱ्या त्यांनी ‘इह्या’मध्ये मांडल्या आहेत. आधी मनात काहीतरी चमकून जाते, मग ओढ निर्माण होते, मग मन कौल देते, आणि शेवटी निश्चय होतो. यातली पहिली पायरी माणसाच्या हातात नाही, म्हणून तिचा जाब त्याला विचारला जात नाही. किती दिलासा देणारी गोष्ट आहे ही! दारावर कोण थाप मारील हे आपल्या हातात नाही. दार उघडून त्याला बसायला पाट द्यायचा की नाही, हे मात्र आपल्या हातात आहे.

पण हे कळले म्हणून थाप थांबत नाही. त्रास देणारा विचार आला की आपण त्याला हाकलायला उठतो, आणि तिथेच फसतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सांगितले की काही मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. ते अस्वल जाता जाईना. आणि बंदी उठवल्यावर तर ते आणखी जोराने परत आले. ‘विचार करू नकोस’ असे आपण एकमेकांना किती सहज सांगतो! मयतीच्या घरी सांगतो, नापास झालेल्या पोराला सांगतो. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण चकव्यात सापडलेल्या माणसाला ‘अजून जोरात चाल’ असे सांगण्यासारखेच ते आहे.

मग बसायचे कुठे आणि पाहायचे काय? गोंदिया जिल्ह्याच्या माणसाला याचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा तलावांचा आणि धानाचा आहे. गावोगावी तलाव आहेत, शेतांना लागून लहान बोड्या आहेत. त्यांतला सर्वांत नावाजलेला नवेगावबांध. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे सांगतात. भोवती डोंगरांची रांग आहे, तिला लोक सात बहिणी म्हणतात. इथले जंगल १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ मध्ये नागझिऱ्यासह व्याघ्र प्रकल्पात आले. इथल्या पक्षी अभयारण्याला डॉ. सलीम अलींचे नाव आहे.

हिवाळ्यात सकाळी अशा तलावाच्या काठी अर्धा तास बसून पाहावे. पहिली पाच-दहा मिनिटे काहीच घडत नाही. भाऊ, घरमालक, मुलाची नोकरी, सगळे सोबत आलेले असतात. मग कमळाच्या पानांवरून लांब बोटांचा एक कमळपक्षी चालत जातो. पान किंचित दबते, पण बुडत नाही. तो पुढचे पाऊल कुठे टाकतो हे आपण पाहू लागतो. तेवढ्यात भाऊ परत येतो. येऊ द्यावा. ‘भाऊ आला’ अशी मनाशी नोंद करावी आणि पुन्हा पानाकडे पाहावे. पाणकावळा पंख पसरून खुंटावर बसलेला आहे. खंड्याने सूर मारला. पुन्हा भाऊ. पुन्हा पान.

यात चमत्कार काहीच नाही. घडते ते इतकेच की, ‘माझी किंमत शून्य आहे’ हे वाक्य बदलून ‘माझी किंमत शून्य आहे, असा विचार आता माझ्या मनात आला’ असे होते. पहिल्या वाक्यात माणूस विचाराच्या पोटात असतो. दुसऱ्यात तो काठावर असतो आणि विचार पाण्यात. अंतर म्हणतात ते हेच. हे अंतर घरातल्या खोलीत मिळवणे अवघड जाते, कारण खोलीतली प्रत्येक वस्तू आपल्याविषयीच बोलत असते. विजेचे बिल आपले, फोन आपला, भिंतीवरची ओलही आपलीच. कमळपक्ष्याला मात्र आपण कोण, आपले नाव काय, आपण यशस्वी की अयशस्वी, यांच्याशी काही देणेघेणे नाही. ज्याला आपली गरज नाही अशा जिवाकडे पाहताना आपणही थोडा वेळ आपल्यापासून सुटतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली असे दाखवले की, दीड तास झाडा-गवतातून चालून आलेल्या लोकांचे तेच ते विचार उगाळणे कमी झाले होते. वाहत्या रस्त्याकडेने तेवढाच वेळ चाललेल्यांत मात्र तसे झाले नाही. अभ्यास लहान होता आणि निरोगी शहरी माणसांवरचा होता, त्यामुळे त्याचा डांगोरा पिटण्याचे कारण नाही. पण तलावाच्या काठी बसणाऱ्याला जे जाणवते, त्याच्याशी तो जुळतो.

इथे एक जुना हकीम आपल्याला अडवतो. नवव्या-दहाव्या शतकात होऊन गेलेले अबू झैद अल्-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. वसवशाच्या आजारावर त्यांनी वेगळे प्रकरण दिले आहे. अशा माणसाने एकटे राहू नये, लोकांत मिसळावे, कामात गुंतावे, असा त्यांचा सल्ला आहे. रिकामे मन आणि एकांत मिळाला की वसवशाला मोकळे रान मिळते. मग तलावाच्या काठी एकटे बसा म्हणणे चुकीचे ठरते काय?

मला वाटते अल्-बल्खींचा इशारा खरा आहे आणि तो विसरता कामा नये. निसर्गात जाऊन माणूस आपल्याच विचारांना चघळत बसला, तर जंगलही खोलीच होते. रान औषध देते ते एकांत देते म्हणून नव्हे, तर लक्ष द्यायला काहीतरी देते म्हणून. याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्याच समाजातल्या एका माणसाचे आहे.

सलीम अली १९३० साली जर्मनीतून शिकून मुंबईला परतले, तेव्हा त्यांची वस्तुसंग्रहालयातली नोकरी उरलेली नव्हती. पैशांअभावी ती जागाच बंद झाली होती. तिशी उलटलेली, हातात काम नाही, बाजारात किंमत नसलेली विद्या. ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथे घराजवळ सुगरणींची वसाहत होती. आडोशाला बसून ते दिवसचे दिवस तिचे निरीक्षण करू लागले. नर अर्धे घरटे विणतो. मादी येऊन तपासते. पसंत पडले तर ती राहते, मग नर ते पुरे करतो आणि दुसरे विणायला घेतो. सुगरणीचा हा संसार इतक्या बारकाईने तोवर कोणी मांडला नव्हता. सलीम अलींचे नाव झाले ते या अभ्यासाने. १९३९ साली तेहमिना एका शस्त्रक्रियेनंतर गेल्या. त्या दुःखानंतरही ते पुन्हा पक्ष्यांकडेच वळले. बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरी ते राहिले. भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवरचे दहा खंड त्यांनी डिलन रिप्ली यांच्यासोबत पुढे पुरे केले.

बेकारी पक्ष्यांनी दूर केली नाही, वैधव्यासारखे दुःखही पुसले नाही. पण पाहण्यासारखे काहीतरी रोज समोर होते, आणि घरी परतल्यावर आपली माणसे होती. अल्-बल्खींच्या दोन्ही अटी, काम आणि माणसे, तिथे पुऱ्या झालेल्या दिसतात.

नवेगावबांधला हीच गोष्ट मारुती चितमपल्लींनी वेगळ्या तऱ्हेने केली. वनाधिकारी म्हणून ते तिथे राहिले आणि तळ्याचे, रानाचे, पक्ष्यांचे निरीक्षण त्यांनी वर्षानुवर्षे वहीत टिपले. पक्ष्यांची आणि झाडांची नावे ते गावकऱ्यांकडून, रानात वावरणाऱ्या माणसांकडून शिकले. आपल्या आत्मकथेला त्यांनी नाव दिले ‘चकवाचांदणं’. १८ जून २०२५ रोजी ते गेले. ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अलींचा. या दोन तारखांमधले दिवस २०२० पासून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळले जातात. सोलापूरचा एक मराठी माणूस आणि खेतवाडीत वाढलेला एक मुसलमान माणूस सरकारी कागदावर असे एका आठवड्यात शेजारी आले. पक्ष्यांनी जुळवलेली ही सोयरीक मला मोठी वाटते.

आता खरा प्रश्न. मन हलके करायला तलावावर जाणे ही पळवाट नाही काय? ज्याला नाव ऐकून खोली नाकारली गेली, त्याला ‘जा, बदके बघ’ असे सांगणे म्हणजे त्याच्या अपमानाची थट्टा नाही काय? हा आक्षेप हलक्याने घेण्यासारखा नाही. सुकूनचा धंदा करणारे आज पुष्कळ आहेत, आणि शांत झालेला माणूस तक्रार करत नाही हे अन्याय करणाराही जाणतो. शिवाय जंगल सगळ्यांसाठी सारखे शांत नसते. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या बाईचेही रानात पूर्ण लक्ष असते, पण ते वाघाच्या चाहुलीकडे. तिला कोणी ध्यान शिकवायला नको. तिला हवी आहे पानांची योग्य मजुरी.

माझे उत्तर असे आहे. वसवसा आणि जबाबदारी दिसायला सारखीच असतात. दोन्ही रात्री झोपू देत नाहीत. त्यांच्यातला फरक ओळखायला थोडे अंतर लागते. अर्धा तास दुसरीकडे पाहून आल्यावर वसवसा फिका पडलेला असतो. ‘लोक काय म्हणतील’, ‘तो त्या दिवशी का हसला’, ‘मी असे बोललो नसतो तर’ हे सगळे त्यातले. जबाबदारी मात्र तशीच उभी असते. मुलाला कोणत्या परीक्षेचा अर्ज भरायचा आहे. लेकीला आपणच आज फोन करायचा आहे. खोली नाकारली गेली हा माझा कमीपणा नव्हता, तो त्या माणसाचा होता, आणि त्याविषयी बोलायचे आहे, लिहायचे आहे, दुसऱ्या पोरासाठी खोली शोधताना त्याच्या सोबत जायचे आहे. ज्या शांततेतून उठल्यावर करायच्या कामांची यादी स्पष्ट होते, ती पळवाट नाही. ज्या शांततेतून उठावेसेच वाटत नाही, तिच्याविषयी मात्र सावध राहावे.

आपल्या परंपरेतली मोठी माणसे एकांतात गेली ती परतण्यासाठी. पैगंबर (स.) हिरा गुहेतून खाली उतरले ते थेट बीबी खदीजांकडे आले, आणि मग मक्केच्या गल्लीबाजारात, माणसांत. गज्जालींची १०९५ साली बगदादमध्ये वाचाच बसली. शिकवायला तोंड उघडावे तर शब्द फुटेना, घास उतरेना. मानमरातब सोडून ते शामदेशी निघून गेले आणि दमास्कसच्या मशिदीच्या मिनारात दिवसदिवस बसून राहिले. पण अकरा वर्षांनी, ११०६ साली, ते निशापूरला पुन्हा मुलांना शिकवू लागले.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. विचारांचा फेरा महिनोन् महिने सुटत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, जगू नये असे वाटत असेल, तर तलाव पुरेसा नाही. अशा वेळी डॉक्टरांकडे जावे. दुआ, दवा आणि माणसांची सोबत यांत कोणतेही भांडण नाही. घरातल्या अशा माणसाला ‘ईमान कच्चे आहे’ म्हणून टोचणे हा मात्र जुलूम आहे. पैगंबरांनी (स.) आपल्या साथीदारांना जे सांगितले, त्याच्या तो नेमका उलट आहे.

गोंदियाच्या धानाच्या बांधीत पावसाळ्यात सारस अंडी घालतो. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच असलेला हा पक्षी महाराष्ट्रात आता मुख्यतः याच भागात उरला आहे. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो बोटांवर मोजण्याइतकाच होता. पुढे गावकरी, पक्षीमित्र आणि वन खाते यांनी मिळून त्याची राखण केली. दर उन्हाळ्यात त्याची गणना होते. माणसे पहाटेच तलाव आणि बांध्यांच्या काठी जाऊन बसतात, न बोलता पाहतात, आणि दिसले तेवढेच लिहितात. ज्या शेतकऱ्याच्या बांधीत घरटे असते, त्याने काही दिवस तेवढी जागा सोडायची असते. नर-मादी आळीपाळीने महिनाभर अंडी उबवतात.

त्या शेतकऱ्यावर सोसायटीचे कर्ज असते. रोवणीची मजुरी द्यायची असते. बांधावर बसून तो सारसांकडे पाहतो तेव्हा कर्ज तेवढेच असते, एक रुपयाही कमी झालेला नसतो. पण घरट्याजवळ कुत्रे फिरकले तर तो उठतो आणि हाकलतो. मग तसाच पुढे, उजाडलेल्या वाटेने, आपल्या कामाला जातो.